पौलाला आठवत नाही, तरीही तो देवाचा शब्द

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला बायबलवरचा लेख आणि त्यावर छापलेली दोन पत्रे वाचली. एका पत्रलेखकाचे म्हणणे असे, की बायबल माणसांनी लिहिले, त्यात एकमेकींशी मेळ न बसणाऱ्या गोष्टी आहेत, तेव्हा त्याला देवाचे वचन म्हणणे भाबडेपणाचे आहे. दुसरे पत्र माझ्याच एखाद्या धर्मबंधूचे असावे. 'माणसांनी लिहिले' हे शब्दच त्यांना सहन झालेले नाहीत. गंमत म्हणजे दोघांचे गृहीत एकच: माणसाचा वाटा जितका जास्त, तितका देवाचा कमी. ख्रिस्ती श्रद्धेने अशी वाटणी कधी मान्य केलेली नाही.

यासाठी फार लांब जायला नको. बायबलमध्ये पहिल्या शतकातल्या पौल या प्रेषिताची पत्रे आहेत. करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सुरुवातीलाच तो ठासून सांगतो, की क्रिस्प आणि गायस सोडले तर तुमच्यापैकी कोणाचाही बाप्तिस्मा मी केलेला नाही. मग त्याच्या लक्षात येते, की स्तेफनच्या घरच्यांचाही केला होता. तेही तो घालतो आणि वर कबूल करतो, की आणखी कोणाचा केला असल्यास आठवत नाही. खोडाखोड करून ते वाक्य कोणी नीटनेटके केले नाही. आज आमच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, त्या पत्राचे वाचन झाले की वाचक तो प्रभूचा शब्द असल्याचे जाहीर करतो आणि सगळे देवाचे आभार मानतात. त्याच पत्राच्या सातव्या अध्यायात विवाहाविषयी बोलताना पौल एक आज्ञा प्रभूची म्हणून देतो, आणि पुढची देताना बजावतो, की हे मी सांगतो आहे, प्रभू नव्हे. रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या शेवटी लिहून घेणारा तर्तियस मध्येच स्वतःचा नमस्कार घुसवतो. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्रोवस गावी राहिलेला झगा मागवलेला आहे. लूक तर आपल्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, पहिल्याच वाक्यात सांगून मोकळा होतो, की अनेकांनी हा वृत्तांत लिहायला घेतला आहे आणि मीही सगळ्याचा मुळापासून शोध घेऊन क्रमवार लिहितो आहे. देवदूताने कानात सांगितले, असा त्याचा दावा नाही.

पहिल्या पत्रलेखकाने मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या चार शुभवर्तमानांतल्या तफावती दाखवल्या आहेत. त्या आहेतच. अरण्यात येशूची परीक्षा झाली तिचा क्रम मत्तय आणि लूक यांच्यात वेगळा आहे, आणि क्रुसावरच्या पाटीचे शब्द चौघांनी चार तऱ्हांनी दिले आहेत. पण हे आजच्या संशोधकांनी उघडकीला आणलेले गुपित नव्हे. दुसऱ्या शतकातच तातियान नावाच्या विद्वानाने चारही शुभवर्तमाने मिसळून एकच सलग वृत्तांत तयार केला. सिरियाक भाषेच्या चर्चमध्ये तो पिढ्यान् पिढ्या वाचला जात होता. तरी पाचव्या शतकात थिओडोरेट या बिशपने आपल्या प्रांतातून त्याच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा करून बाजूला ठेवल्या आणि त्यांच्या जागी चार वेगळी शुभवर्तमाने दिली. गुळगुळीत एकच आवृत्ती हाताशी होती. ती नाकारून चर्चने चार माणसांच्या चार आठवणी ठेवल्या. लपवायचेच असते, तर इतकी सोपी संधी कोण सोडेल?

आता माझ्या धर्मबंधूसाठी. आपल्याच चर्चची भूमिका निदान एकदा वाचावी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १८ नोव्हेंबर १९६५ रोजी, २,३४४ विरुद्ध ६ मतांनी, जो 'देई व्हेर्बुम' ('देवाचे वचन') हा दस्तऐवज मंजूर केला, त्यात पवित्र लेखकांना 'खरे लेखक' म्हटले आहे. देवाने त्यांची बुद्धी आणि कौशल्ये वापरून घेतली; काव्य, इतिहास, भविष्यवाणी यांची मांडणी वेगवेगळी असते, म्हणून अर्थ लावताना लेखनप्रकार पाहिलाच पाहिजे, असे त्यात स्पष्ट आहे. आणि देवाचा शाश्वत शब्द जसा मानवी देह घेऊन आला, तसेच देवाचे शब्द मानवी भाषेत आले, ही त्यातली तुलना. येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, हे ४५१ सालच्या खल्केदोन परिषदेपासून आपण मानतो. पुस्तकाच्या बाबतीतच मग अडखळायचे कारण काय? हा कॅथलिकांचाच मोकळेपणा आहे असेही नाही. बायबलमध्ये कसलीही चूक नाही असे ठामपणे मांडणाऱ्या प्रोटेस्टंटांच्या १९७८च्या शिकागो निवेदनातही देवाने लेखकांची व्यक्तिमत्त्वे दडपली नाहीत, असे लिहिले आहे.

काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराने १६०२ साली रोममधल्या एका चर्चसाठी संत मत्तय रंगवला. पहिल्या चित्रात अनवाणी मत्तयाचा हात देवदूताने धरला आहे, बाराखडी गिरवायला शिकवावे तसा. ते चित्र वेदीवर राहिले नाही. १९४५ मध्ये बर्लिनमध्ये नष्ट झाले. आज तिथे दुसरे आहे. देवदूत वरून बोटांवर मुद्दे मोजून सांगतो आहे आणि लेखणी मत्तयाच्या हातात आहे. मला हे दुसरेच जास्त पटते.

कोणी म्हणेल, या धर्मशास्त्री चर्चेने फरक काय पडतो? पडतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिणेत 'दासांनो, धन्याच्या आज्ञेत राहा' हे इफिसकरांच्या पत्रातले वाक्य उचलून पाद्री गुलामगिरीचे समर्थन करत होते. पहिल्या शतकातल्या रोमन घराला उद्देशून लिहिलेले वाक्य सगळ्या काळांसाठी देवाचा कायदा ठरवले गेले. १८४५ मध्ये अमेरिकेतला बॅप्टिस्ट पंथ याच वादावरून फुटला. आणि ज्यांच्या तोंडावर ते वाक्य फेकले जात होते, त्यांनी त्याच पुस्तकात मिसरमधल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून सुटलेले इस्राएल लोक शोधले आणि त्यातला देव आपल्या बाजूचा आहे हे ओळखले. माणसाची बाजू मान्य केली म्हणून त्यांच्यासाठी देव पुसट झाला नाही.

मी आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीत, मिस्सेचे वाचन करते. 'स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे' हे करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातले पौलाचे वाक्य मलाही ऐकवले गेले आहे, तेही मिस्सा संपल्यावर चर्चच्या दारात. त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात स्त्रिया सभेत प्रार्थना करतात आणि संदेश देतात हे पौलाने गृहीत धरले आहे, एवढेच मी त्या गृहस्थांना सांगितले. ते गप्प राहिले.

आमच्या धर्मगुरूंना एक विनंती. मिस्सेतले दुसरे वाचन बहुधा अशा पत्रांतूनच असते; त्याआधी हे पत्र कोणी, कोणाला, कुठल्या भांडणात लिहिले, हे दोन वाक्यांत सांगावे. मिनिटभराचे काम आहे. प्रवचन तेवढे आखडते घेतले तरी कोणी तक्रार करणार नाही.

– एक वाचक, वसई