सावलीतून पृथ्वीचा घेर

इंदूर

चि. सई, अनेक आशीर्वाद.

खगोलशास्त्रातले मोठे टप्पे कोणते, असं विचारलंस. माझ्या मते बहुतेक टप्पे म्हणजे कोणीतरी एक कोन आधीच्यापेक्षा बारीक मोजला, एवढंच. मंगळाच्या गणिताने आलेल्या आणि मोजलेल्या जागेत ८ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) फरक पडत होता, तो खगोलज्ञ केप्लरने झटकून टाकला नाही, म्हणून १६०९ मध्ये ग्रहाच्या कक्षेला लंबवर्तुळ आलं. १८३८ मध्ये खगोलज्ञ बेसेलने एका ताऱ्याचं सुमारे एक तृतीयांश विकलेचं (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) हलणं पकडलं आणि ताऱ्यांची अंतरं हाती आली.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ग्रीक विद्वान इरॅटोस्थेनीसने मोजलेला कोन मात्र तुला गच्चीवर मोजता येईल. इजिप्तमधल्या सायीनीला (आजचं अस्वान) सूर्य बरोबर डोक्यावर असताना उत्तरेच्या अलेक्झांड्रियात तो डोक्यापासून ७.२ अंश कलला होता, म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग. दोन्ही गावांतलं अंतर ५,००० स्टेडिया (हे ग्रीकांचं लांबीचं माप), म्हणून पृथ्वीचा घेर त्याच्या पन्नासपट, २,५०,००० स्टेडिया. त्याची गावं एका रेखांशावर नव्हती, सायीनी सुमारे ३ अंश पूर्वेला आहे. आपलं नशीब बरं: जयपूर आणि इंदूर दोन्ही साधारण ७५.८ अंशांवर. आपल्या जुन्या ज्योतिष-गणिताच्या सिद्धान्तग्रंथांनी रेखांश जिथून मोजले, ती उज्जयिनीची मध्यरेषाही हीच.

२२ सप्टेंबरला सूर्याचा कोन तू जयपूरला मोज, मी इथे इंदूरला मोजतो. जाड पुठ्ठ्याला ४-५ मिमीचं भोक पाड आणि तो काठीला बरोबर १ मीटर उंचीवर बांध. काठीच्या टोकाची सावली घेऊ नकोस. सूर्याचं बिंब अर्धा अंश रुंद असतं, त्यामुळे सावलीची कड सेंटीमीटरभर पुसट होते. भोकातून बिंबाचा गोल उमटतो, त्याचा मध्य घे. राजा जयसिंहाच्या सम्राट यंत्रालाही, म्हणजे जंतरमंतरातल्या प्रचंड सावली-घड्याळालाही, हीच अडचण. तुमच्या जयपूरच्या यंत्रात सावली सेकंदाला साधारण १ मिमी सरकते, पण १५ मीटर त्रिज्येवर तिची पुसट पट्टी सुमारे १४ सेंमी होते! यंत्र मोठं केलं तरी कड धारदार होत नाही.

खरी चूक होते ती गच्चीच्या उतारामुळे. पाणी वाहून जायला फरशी कललेली असते. काठी फरशीला काटकोनात लावलीस की तीही तितकीच कलते. १ अंश कलली तर घेर ४०,००० ऐवजी ५२,००० किंवा ३२,००० किमी येईल. म्हणून प्लायवूड पाणसळीने समतल कर, भोकातून ओळंबा सोड आणि त्याच्या टोकापासून गोलाच्या मध्यापर्यंत माप घे.

१२.०५ ते १२.३५ दर दोन मिनिटांनी खूण कर. सर्वांत आखूड माप १२.२० च्या आसपास येईल. इथे सुमारे ४२ सेंमी, तिथे ५१. माप भागिले उंची म्हणजे कोनाचा टॅन्जंट, त्यावरून कोन. दोन कोनांची वजाबाकी ४.२ अंशांच्या जवळ यायला हवी. सरळ उत्तर-दक्षिण अंतर ४६६ किमी धर, रस्त्याचं धरू नकोस. त्याला ३६० ने गुणून त्या वजाबाकीने भाग.

ढग आले तर जवळपासचा दुसरा कुठलाही दिवस चालेल, फक्त दोघांचा एकच हवा. सूर्याकडे भोकातून बघायचं नाही.

तुझा,
बाबा