अ‍ॅसिडचा कागद कपाटात, कामगार टाकीवर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कुपवाड एमआयडीसीत प्लेटिंगच्या (रसायनाच्या टाकीत बुडवून धातूवर मुलामा चढवायच्या) एका छोट्या कारखान्यात मी बरीच वर्षं स्टोअर सांभाळतो. रसायनासोबत 'सेफ्टी डेटा शीट', म्हणजे त्याच्या धोक्यांचा आणि काळजीचा माहितीकागद, येते. तिचे १६ भाग असतात: चौथ्यात प्रथमोपचार, सातव्यात साठवण, आठव्यात हातमोजे-मास्क कुठले, दहाव्यात कशात मिसळू नये. सगळं इंग्रजीत. ऑडिट आलं की फाइल कपाटातून निघते, ऑडिट संपलं की परत कुलपात.

गेल्या उन्हाळ्यात जवळच्याच एका युनिटमध्ये ठेकेदाराच्या दोन पोरांनी फरशी धुताना हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे पातळ ब्लीच) टाकलं आणि डाग निघेना म्हणून त्यावरच हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड ओतलं. क्लोरीन सुटला. खोकून खोकून पोरं बेजार झाली. मिरजेला दवाखान्यात डॉक्टरांनी आधी विचारलं, "छातीत काय गेलंय?" सोबतच्या सुपरवायझरला "सफाईचं लिक्विड" एवढंच सांगता आलं. दोन्ही रसायनं कॅनमधून पाण्याच्या बाटल्यांत काढून ठेवलेली, वर नाव नाही. पोरं वाचली. पण त्याच शेडमध्ये सायनाइडचा डबा अ‍ॅसिडच्या कॅनला खेटून ठेवलेला मी पाहिलाय. त्या दोघांची गाठ पडली तर हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो, आणि मग दवाखाना गाठायलाही वेळ मिळेलच असं नाही.

मी नवा कायदा मागत नाही. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगारांना देणं मालकावर बंधनकारक झालं. १९८९ च्या धोकादायक रसायनांच्या नियमांत डेटा शीटचा नमुना आहे, आणि भांड्यावर आत काय आहे ते लिहिलंच पाहिजे असंही म्हटलंय.

प्रत्येक रसायनाचं एक पान, मराठीत आणि हिंदीत (टाकीवर यूपी-बिहारची पोरं बरीच आहेत), जिथं कॅन उघडतात तिथल्या भिंतीला लॅमिनेट करून लावा. नाव, कशाजवळ ठेवायचं नाही, अंगावर उडालं तर लगेच काय करायचं. दवाखान्यात जाताना तेच पान काढून न्यायचं. प्लेटिंगला लागणारी रसायनं ठरलेली आहेत: क्रोमिक, नायट्रिक, कॉस्टिक, सायनाइड अशी. सांगली-मिरजेच्या कॉलेजांतल्या रसायनशास्त्र विभागांनी ही पानं एकदा मराठीत करून दिली तर सगळ्या युनिटांची सोय होईल. तीव्रता तेवढी ज्याच्या त्याच्या पुरवठादाराच्या शीटवरून ताडून घ्यावी. आणि पिण्याच्या बाटलीत रसायन काढणं आजच बंद व्हावं.

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या अधिकाऱ्यांना विनंती, की तपासणीला आल्यावर फाइल मागण्याआधी टाकीवरच्या पोराला विचारा, या कॅनमध्ये काय आहे?

आपला,
एक स्टोअरकीपर, कुपवाड (जि. सांगली)