बाबा, कट्ट्यावर काय सांगायचं?

पोकीप्सी, न्यूयॉर्क

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबांनी पुन्हा तेच विचारलं. "कट्ट्यावर सगळे विचारतात, मुलगी नक्की शिकते काय? मी आपलं सांगतो, कॉम्प्युटर." बाबा, ते अगदीच खोटं नाही. पण मी समजावायला लागले की आई मध्येच "जेवलीस का?" विचारते आणि गाडी भाजीवर जाते. म्हणून हे पत्र.

व्हॅसार कॉलेज छोटंसं आहे, विद्यार्थी जेमतेम अडीच हजार. इंजिनिअरिंग नाही, मेडिकल नाही. कॉग्निटिव्ह सायन्सची पदवी मात्र इथे १९८२पासून मिळते. ही पदवी देणारं जगातलं पहिलं कॉलेज आमचंच, असं इथे छाती फुगवून सांगतात. माणूस विचार कसा करतो, आठवतो कसा, बोलतो कसा, हे एकट्या मानसशास्त्राला उलगडत नाही. म्हणून मेंदूवाले, भाषावाले, संगणकवाले आणि तत्त्वज्ञ एका टेबलाभोवती बसतात. खरोखरचं टेबल हं! वर्गात आम्ही चौदा जण. मागच्या बाकावर लपायची सोय नाही, न वाचता गेलं की पाच मिनिटांत पितळ उघडं.

पहिल्याच वर्षी पॉल ब्रोकाबद्दल वाचलं. पॅरिसचा डॉक्टर. १८६१मध्ये त्याच्याकडे एक रुग्ण आला, काहीही विचारलं तरी 'तां' एवढंच म्हणणारा. (आमचं कॉलेजही १८६१चंच, तेव्हा फक्त मुलींचं.) तो वारल्यावर ब्रोकाने मेंदू तपासला, तर डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा. बोलणं गेलं होतं, पण लोक काय म्हणतात ते त्याला बरंचसं समजायचं.

ते वाचताना मला आपली आजी दिसत होती. पक्षाघातानंतर ती फक्त 'अगं ते' म्हणायची. पाणी हवं, 'अगं ते'. रागावली, 'अगं ते'. आणि त्या वर्षीचा गणपती आठवतो? कोपऱ्यातल्या खुर्चीवरून तिने अख्खी आरती म्हटली, एकही शब्द न चुकता. आई, तुझ्या हातातलं ताम्हन थरथरलं होतं. काकू म्हणाली, बाप्पाची कृपा. आरती संपली आणि आजीने मोदकाकडे बोट दाखवलं, "अगं ते."

पक्षाघाताने बोलणं गेलेल्या कितीतरी जणांना गाता येतं. ही किमया सुराची, तालाची की जन्मभराच्या पाठांतराची, यावर अजून वाद चालू आहेत. मला त्या वादापेक्षा दुसरंच छळतं. तिला काही कळत नाही असं धरून आपण तिच्यासमोरच बोलायचो. दवाखान्याचा खर्च, कोण किती दिवस सांभाळणार, सगळं. मीसुद्धा. बाबा, तिला त्यातलं बरंच कळत असणार.

तर कट्ट्यावर सांगा, आजीला आरती कशी आली ते शिकते.

आई, आता तुझं. मी "आमच्याकडे बर्फ पडलाय" म्हणाले आणि तू गप्प झालीस. इंग्रजीत एकच 'वी', आपल्याकडे मात्र ऐकणाऱ्याला धरून 'आपण' आणि वगळून 'आम्ही', हे मीच वर्गात फळ्यावर लिहून भाव खाल्ला होता. आणि फोनवर तुलाच वगळून बसले. बर्फ माझ्याकडेच पडला होता, व्याकरण चुकलं नव्हतं. पण तू का गप्प झालीस ते कळलं.

मे महिन्यात पदवीदान आहे. त्याआधी प्रबंध संपवायचाय, अजून निम्माही झालेला नाही. बाबा, पासपोर्टची मुदत बघून ठेवा. इथे हडसन नदीवर १८८९चा जुना रेल्वेपूल आहे, आता त्यावरून माणसं चालतात. रेल्वेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाने तो बघायलाच हवा. लांबी दोन किलोमीटर, पण तुमच्या गुडघ्याच्या बेताने, बसत उठत आपण जाऊ.

आपण तिघं.

तुमची,
धाकटी