माऊसला हात न लावता शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

फोनवर ‘थँक्यू’ म्हणून झालं, पण त्यात मनातलं काहीच आलं नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. जुना लॅपटॉप घेऊन अडलेल्या आणखी कुणाला तुमची पद्धत उपयोगी पडेल.

माझ्या जुन्या लॅपटॉपवरच्या विंडोजचे सुरक्षा अपडेट बंद झाले होते आणि नवी आवृत्ती त्या लॅपटॉपवर बसत नव्हती. जो तो म्हणे, नवा घे. तुम्ही मात्र विचारलंत, “दिवसभर तू त्यावर करतेस काय?” ब्राउझर, मराठी लेखन, हिशेबाच्या शीट, प्रिंट. यावर तुम्ही विंडोजच्या जागी बसवता येणारी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम सुचवलीत, सिनॅमन डेस्कटॉपची, म्हणजे त्या नावाच्या स्क्रीन-मांडणीची. तिच्या २२व्या आवृत्तीची मालिका घ्यायला लावलीत, कारण तिला २०२९पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत.

हार्ड डिस्कला हात न लावता मिंट नुसत्या पेनड्राइव्हवरून चालतं, हे मला डोळ्यांनी बघेपर्यंत पटलं नव्हतं. त्या लाइव्ह मोडमध्ये तुम्ही एकेक गोष्ट तपासून घेतलीत: वाय-फाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, तेसुद्धा. इथे अडलं असतं तर पेनड्राइव्ह काढायचा, लॅपटॉप होता तसाच. सगळ्या फाइल्सचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर गेल्याशिवाय तुम्ही इन्स्टॉलचं बटण दाबू दिलं नाहीत. आणि या सगळ्यात माऊस माझ्याच हातात होता. शेजारी बसून गप्प राहणं किती अवघड असतं, ते मला कळतं, ताई.

मिंट पहिल्यांदा उघडलं तेव्हा परकं वाटलंच नाही. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, फायरफॉक्स आणि लिबरऑफिस आधीपासून हजर. नवा प्रोग्राम हवा असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये शोधायचा. कुठल्या तरी साइटवरून सेटअप फाइल आणायची धास्ती नाही. अपडेट आले की पट्टीवरच्या ढालीच्या चिन्हावर खूण दिसते, पण काम चालू असताना लॅपटॉप आपणहून रीस्टार्ट होत नाही. मला सर्वांत जास्त आवडलं ते हेच. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट ही अक्षरांची मांडणी जोडली आणि जोडाक्षरं नीट उमटली, तेव्हा तर फार बरं वाटलं.

मिंटमधल्या टाइमशिफ्ट या प्रोग्रामबद्दल तुम्ही दोनदा बजावलंत, ते इथेही लिहिते. अपडेटने काही बिघडलं तर तो सिस्टिम मागच्या स्थितीला नेतो, पण आपली कागदपत्रं आणि फोटो त्यात मुळात धरलेले नसतात. त्यांचा बॅकअप वेगळाच घ्यायचा. नव्या माणसाला हे कुणीतरी सांगायलाच हवं.

सगळंच गोड आहे असं नाही. दुसऱ्यांकडून आलेल्या वर्डच्या फाइलमधला फॉन्ट आपल्याकडे नसला की ओळी सरकतात. विंडोजसाठीच बनवलेले काही प्रोग्राम चालत नाहीत. ज्याचं पोट त्यांच्यावरच आहे, त्याने आधी नीट चौकशी करावी. माझं मात्र कुठे अडत नाही.

आता आईचा कॉम्प्युटर, तो याहून जुना. त्याच्यासाठी मिंटचीच हलकी एक्सएफसीई आवृत्ती पेनड्राइव्हवर तयार ठेवली आहे. मनापासून आभार, ताई.

तुमची,
नवी मिंटकर