खिडकीतला पेला

पुणे,
२२ जुलै

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. 'तुमच्यात सगळे सारखे म्हणता, मग सोयरीक जुळवताना मूळ जात कशाला काढता?' हा तुझा प्रश्न बोचला, कारण तो खोटा नाही. आम्हा ख्रिस्ती लोकांत जात कोणी उघड विचारत नाही, 'मूळचे कुठले?' एवढेच विचारतात, आणि गावाच्या व आडनावाच्या आडून हवे ते काढून घेतात. माझ्या बहिणीच्या वेळी मी शेजारीच बसलो होतो आणि गप्प राहिलो होतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार दलित ख्रिश्चनांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला, आमचा झाला नाही. हा अन्याय आहे असे मी मानतो, पण सरकारपुढे 'आमच्यात जात आहे' म्हणायचे आणि व्यासपीठावरून 'आमच्यात जात नाही' म्हणायचे, ही कसरत आम्हाला कधी नीट साधली नाही.

परवा गुरुवार पेठेत काम होते, म्हणून पंचहौद मिशनवरून गेलो. कॉलेजात असताना आपण त्या मनोऱ्याखालून रोज सायकली हाणत होतो, पण तिथल्या चहाची हकीकत मला पुष्कळ उशिरा कळली. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने १८९० साली शहरातली प्रतिष्ठित मंडळी मिशनमध्ये जमली आणि त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता कप हाती धरला, आणि पुढे गोपाळरावांनीच सर्वांची नावे वर्तमानपत्रातून चव्हाट्यावर आणली. त्यात रानडे होते आणि टिळकही होते. ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. गोपाळरावांचा खोडसाळपणा मला आवडत नाही, पण नस त्यांनी अचूक पकडली होती. समतेवर भाषण करणारा माणूस कोणाच्या हातचे पाणी पितो, हे पाहिल्याशिवाय त्याची परीक्षा होत नाही. जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तो तिथून फार लांब नाही.

मात्र या गोष्टीला हसण्याचा अधिकार आम्हा ख्रिस्ती लोकांना नाही, कारण आमच्याकडचे असे प्रकरण त्याहून अठराशे वर्षे जुने आहे. अंत्युखिया नगरात येशूचा शिष्य पेत्र यहुदी नसलेल्या बंधूंच्या पंक्तीला बसत असे. पण यरुशलेमेहून काही मंडळी आली तेव्हा लोक काय म्हणतील या भीतीने तो मागे सरला, आणि धर्मप्रचारक पौलाने त्याला सर्वांसमक्ष धारेवर धरले, असे पौलाच्याच पत्रात आहे. यहुदी आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री हा भेद ख्रिस्तात उरत नाही, हे वचन आम्ही लग्नपत्रिकेवरसुद्धा छापतो. ते पंक्तीच्या या भांडणानंतर, त्याच पत्राच्या पुढच्याच अध्यायात येते, याची आठवण फार थोड्यांना असते.

आता घरचे सांगतो. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, गजांना टेकवून, एक स्टीलचा पेला असतो. त्याच्या काठाला पोचा आला आहे. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना त्यातून चहा देतात. माझ्या आईच्या आजीला गावात वरून ओंजळीत पाणी ओतत असत, हे आईनेच मला लहानपणी सांगितले होते, आणि तो पेला वेगळा ठेवला तोही आईनेच. दर रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या विधीत मी सर्वांबरोबर एकाच प्याल्यातून पितो. सोमवारी सकाळी त्या खिडकीकडे पंधरा वर्षे माझे लक्ष गेले नाही.

लक्ष गेले तेव्हा मी मोठ्या उत्साहाने मावशींना आमच्या कपबशीत चहा दिला. त्यांनी बशीकडे पाहिले, आतल्या खोलीकडे पाहिले, मग चहा शांतपणे आपल्या पेल्यात ओतला आणि म्हणाल्या, "कपाचं राहू द्या दादा. मागच्या महिन्यात गावाला गेले होते, ते चार दिवस तेवढे कापू नका."

मी खरोखर कापले होते, आणि तेही हिशेबाच्या वहीत नीट लिहून. मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्यापाशी ठेवू नये असे बायबलातल्या लेवीयाच्या पुस्तकात आहे, आणि अडवून ठेवलेली मजुरी ओरडत असते असे याकोब म्हणतो. ही वचने मी इतरांना शिकवली आहेत. मला स्वतःला वर्षाची पगारी रजा आहे, आजारपणाची वेगळी. प्रेम दाखवायला एक कप पुरला असता, म्हणून मला ते सोपे वाटले होते. न्यायाला वही उघडावी लागली, आणि ते मला जड गेले, हे तुझ्यापाशी कबूल करतो.

ते पैसे परत दिले आणि महिन्याला चार पगारी सुट्ट्या ठरवल्या. त्यावर आमच्या सोसायटीत कुरकुर सुरू झाली. 'तुम्ही दर बिघडवता, उद्या आमच्याकडेही मागतील,' असे एका काकूंनी जिन्यात थांबवून सुनावले. मला येशूचा द्राक्षमळ्याचा दृष्टांत आठवला, ज्यात धनी दिवस कलताना आलेल्यांनाही पूर्ण दिवसाचा रोज देतो आणि सकाळपासून राबलेले कुरकुर करतात. त्या कुरकुरणाऱ्यांची बाजू मला नेहमीच थोडी पटत आली आहे, खोटे कशाला बोलू; पण त्यांनी निदान दिवसभर ऊन तरी सोसले होते.

पेला अजून खिडकीतच आहे. आईने तो काढायला हात लावला, तर मावशीच 'असू द्या' म्हणाल्या. चहा मात्र आता त्या आईबरोबर टेबलाशी बसून घेतात, आणि गुडघेदुखीवर दोघींचे बोलणे चालते.

मुलांना आशीर्वाद आणि वहिनींना नमस्कार सांग. गणपतीत आलास तर दोन दिवस जास्त काढून ये. तुझ्या प्रश्नाचा लग्नाबाबतचा भाग मी अजून टाळलाच आहे, आणि तो समोरासमोर बसूनच बोलावा लागेल.

तुझा,
विनायक