कांद्याचंही आधीच बोलून ठेवा

प्रति,
माननीय ग्रेस फू,
शाश्वतता व पर्यावरण मंत्री, सिंगापूर

सादर नमस्कार.

२०३० पर्यंत गरजेचं ३० टक्के अन्न इथेच पिकवायचं, हे २०१९ मधलं उद्दिष्ट तुम्ही नोव्हेंबर २०२५ मध्ये मागे घेतलंत. मला त्यात नामुष्की वाटली नाही. शेतीला जेमतेम १ टक्का जमीन आणि महाग वीज. दिव्यांखाली वाढवलेली पालेभाजी मलेशियाहून येणाऱ्या भाजीपुढे किमतीत टिकणार कशी? अंड्यांचं जमलं, साधारण तिसरा हिस्सा इथलाच. बाकी ९० टक्क्यांहून जास्त अन्न बाहेरूनच येतं. म्हणून हे पत्र शेताबद्दल नाही, आयातीबद्दल आहे.

मी मूळचा निफाड तालुक्यातला. डिसेंबर २०२३ मध्ये भारतानं कांद्याची निर्यात बंद केली. इकडे सिंगापूरच्या टेक्का बाजारात मी भाव विचारून पिशवी परत खिशात घातली. तिकडे भाऊ फोनवर सांगत होता, लासलगावला भाव पडले. एकाच कांद्यानं दोघांनाही रडवलं, आणि तेही न कापता!

तांदळाला आपल्याकडे आधार आहे. आयातदारांना दोन महिन्यांच्या आयातीइतका साठा ठेवावा लागतो. शिवाय भारताच्या जुलै २०२३ च्या तांदूळ निर्यातबंदीनंतर दिल्लीनं ऑगस्टअखेरच सिंगापूरसाठी अपवाद केला. २०२२ मध्ये मलेशियानं कोंबड्या रोखल्या तेव्हा गोठवलेलं चिकन होतं. पण गोठवलेल्या कांद्याची फोडणी कोण देणार? एप्रिल २०२४ मध्ये भारतानं सहा देशांना ९९,१५० टन कांदा देऊ केला. बांगलादेश, श्रीलंका, भूतान, मॉरिशस, बहारीन, अमिरात. त्यात सिंगापूर नव्हतं.

इथल्या दमट हवेत कांदा लवकर सडतो, साठा करणार कुठे? उन्हाळ कांदा मात्र नाशिककडच्या कांदाचाळीत, म्हणजे हवेशीर साठवणघरात, चार-सहा महिने राहतो. तेव्हा साठा तिथेच ठेवा. दरवर्षीचा ठरावीक कोटा दिल्लीशी आधीच लिहून घ्या, बंदी आली तरी तो सुटेल अशा अटीसह. खरेदी शेतकरी उत्पादक कंपन्यांकडून, ठरलेल्या भावानं करा. चाळीचं भाडंही द्या. हे भाडं काचघरातल्या विजेपेक्षा स्वस्त पडेल, असा माझा अंदाज आहे.

उन्हाळ कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारीत होते. बोलणी त्याआधी व्हावीत.

आपला,
टेक्का बाजारातलं एक गिऱ्हाईक