कंट्रोलमधल्या माणसाला कुणी शिकवायचं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातली पहिल्या पानावरची बातमी वाचली आणि रात्री झोप लागली नाही. अपघातातल्या जखमीसाठी तातडीच्या मदतीच्या 112 ला फोन केला तर पलीकडची मुलगी जिल्हा, तालुका, गाव, जवळची खूण विचारत बसली, म्हणून तुमच्या वार्ताहरानं तिला ‘संवेदनशून्य’ ठरवून टाकलं. हे प्रश्न तिनं विचारले नसते तर गाडी पाठवायची कुठं? 2021 पासून राज्यातला 112 चा फोन आधी नवी मुंबईला नाहीतर नागपूरला वाजतो, मग जिल्ह्याच्या कंट्रोलला, म्हणजे पोलीस नियंत्रण कक्षाला येतो आणि तिथून जवळच्या गाडीला जातो. मोबाइलचं ठिकाण पडद्यावर दिसतं खरं, पण खेड्यात ते नुसत्या टॉवरवरून काढलं तर नेमकी जागा सापडत नाही. ‘फाट्यावर या’ म्हणणाऱ्याला वाटतं, जगात फाटा एकच आहे.

त्या मुलीचं एक वाक्य मात्र राहिलं. गाव कळल्याबरोबर सांगायचं असतं, ‘गाडीला निरोप गेलाय, फोन ठेवू नका, आता विचारते तेवढं सांगा.’ एवढ्यानं समोरचा माणूस शांत होतो. पण हे वाक्य शिकवावं लागतं, आपोआप तोंडी येत नाही. ते तिला कुणी शिकवलं का, हे तुमच्या वार्ताहरानं विचारायला हवं होतं.

मी अकरा वर्षं एका जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात काढली. बंदोबस्तात गुडघा गेला म्हणून मला तिथं बसवलं. माझं प्रशिक्षण अर्ध्या तासाचं. जाणाऱ्या हवालदारानं वायरलेस सेट दाखवला, नोंदवही दाखवली आणि तो घरी गेला. तुमच्याच पेपरात महिन्याआड बातमी असते, ‘वादग्रस्त निरीक्षकाची नियंत्रण कक्षात बदली’. ती छापताना कुणाला खटकत नाही का? मरणाच्या दारातला माणूस ज्या खोलीत फोन करतो, तिथं आपण शिक्षा म्हणून माणसं पाठवतो. आजारी, नावडते आणि निवृत्तीला टेकलेले तर आहेतच.

2014 च्या पावसाळ्यातली एक रात्र सांगतो. तेव्हा शंभर नंबर आमच्याच टेबलावर वाजायचा. रात्री सव्वादोनला एका बाईचा फोन आला. ‘साहेब, मालकांना पान लागलंय.’ माझ्या शेजारचा नवा पोरगा शहरात वाढलेला. त्याला वाटलं, विड्याचं पान. मला कळलं, साप चावलाय. उसाला पाणी धरायला गेले होते. मी गाव लिहून घेतलं, रुग्णवाहिकेच्या 108 ला कळवलं, ठाण्याला वायरलेसवर सांगितलं. बाई फोनवर होती. तिनं विचारलं, ‘दोरी बांधू का?’ मी म्हणालो, ‘हो, घट्ट बांधा.’

पुढं दोन वर्षांनी गावातल्या शिबिरात डॉक्टरांकडून ऐकलं की दोरी कधीच आवळायची नाही. पाय हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही, चिरा द्यायचा नाही आणि जिथं सापाच्या विषावरचं इंजेक्शन आहे त्या सरकारी दवाखान्यात लवकरात लवकर न्यायचं. दोरीनं रक्त थांबून पाय जाऊ शकतो. त्या माणसाचं काय झालं ते मला आजही माहीत नाही. नोंदवहीत शेवटच्या रकान्यात ‘ठाण्यास कळविले’ एवढंच आहे, ते माझ्याच अक्षरात. फोन खाली ठेवला आणि लगेच दुसरा घेतला. सकाळी कुणी विचारलं नाही की बाबा, रात्र कशी गेली.

तेव्हा कुणी मला दोन दिवस बसवून एवढं शिकवलं असतं तर त्या बाईला मी बरोबर सांगितलं असतं. अमेरिकेत 911 वर बसणारा माणूस कुणाचं हृदय बंद पडलं तर फोनवरून छाती दाबायला लावतो, मिनिटाला 100 ते 120 वेळा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत सोबत मोजत राहतो. हे आपल्याकडे मराठीत सांगता येणार नाही असं नाही. पण शिकवताना गावची बोलीही शिकवा, नाहीतर ‘पान लागलंय’ ऐकून फोन घेणारी मुलगी गप्प होईल. आणि वाईट फोननंतर तिला दहा मिनिटं उठू द्या, बोलायला एक जाणतं माणूस द्या. सत्कार आणि प्रशस्तिपत्रं नंतर बघू.

जाता जाता एक. तुमच्या शेवटच्या पानावर ‘महत्त्वाचे दूरध्वनी’ अशी चौकट असते. त्यात छापलेला नियंत्रण कक्षाचा क्रमांक बंद होऊन काही वर्षं झाली. काल मी तो लावून पाहिला, तर एका घरात वाजला. तिथल्या आजी म्हणाल्या, रात्रीबेरात्री लोक रडत फोन करतात आणि मी त्यांना काय सांगू? उद्याच्या अंकात तो क्रमांक काढून टाका आणि तिथं मोठ्या अक्षरात 112 छापा.

आपला,
एक निवृत्त सहायक फौजदार